मौलीच्या दीडशे कॅलरी

माझं नाव रंभा. स्वभाव कसा आहे ते आमच्या गेटवरच्या गार्डले विचारा, तोही सांगन. एकवीस वर्षं मी कोळशाच्या लॅबमधी काढले, अन् या एकवीस वर्षांत माझ्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं का मी फक्त चष्मा उतरवून त्याच्याकडं पाहत होती. समोरचा आपोआप गप्प बसत होता. याचा मले लय घमंड होता, आता कबूल करायले काय जाते.

काम तसं एका ओळीचं आहे. कोळसा आला का त्यातला एक ग्रॅम जाळायचा, अन् जळताना तो किती गरमी सोडते ते हिशोबानं काढायचं. मशीन म्हणजे एक जाड स्टीलचा डबा, त्याले आमी बॉम्ब म्हणतो. आतमधी छोट्या वाटीत कोळशाची भुकटी, वर निक्रोमची बारीक तार, अन् तारेपासून भुकटीपर्यंत लोंबणारं पांढरं सूत. ऑक्सिजन भरायचा, डबा दोन लिटर पाण्याच्या बादलीत बुडवायचा, बटन दाबायचं. तार तापते, सूत पेटते, सुतानं कोळसा पेटते. बाहेर आवाज नाही, धूर नाही. फक्त पाणी दीड-दोन डिग्री गरम होते.

त्या डिग्रीले मशीनच्या आकड्यानं गुणायचं. पाणी, बादली अन् बॉम्ब, हे सारं मिळून एक डिग्री तापवायले किती कॅलरी लागतात, तो मशीनचा आकडा. तो काढायले बेन्झोइक ॲसिडची गोळी जाळतात, कारण तिच्या एका ग्रॅममधून सहा हजार तीनशे एकोणीस कॅलरी निघणार हे साऱ्या दुनियेले ठाऊक आहे. शेवटी तारेची अन् सुताची गरमी वजा करायची, ती काही कोळशाची नव्हे. सुताच्या आमी एकवीस कॅलरी धरतो. एवढंच. पण मशीनचा आकडा चुकला तं वर्षभराचे सारे रिपोर्ट चुकले, हे शिकाऊ पोरांनाही मी पहिल्या दिवशी सांगत होती.

हे सारं मले माझ्या अगोदर लॅब सांभाळणाऱ्या नत्थूजींनी शिकवलं. ते रिटायर होऊन दुर्गले मोहन नगरात राहतात. अन् माझ्या लॅबले कोळसा आणून देणारा माणूस म्हणजे केवलरामभाऊ.

केवलरामभाऊ यार्डात नमुने घेत होता. आमी दोघंही भंडाऱ्याकडचे. त्याचे वडील अन् माझे वडील एकाच साली इकडं भिलाईच्या स्टील प्लांटमधी लागले. आमी दोघं मात्र या भिलाई-3च्या पुढच्या छोट्या कारखान्यात आलो, मी कंपनीच्या पगारावर, तो ठेकेदाराच्या हाजरीवर. वयानं मोठा, तरी मले ताईच म्हणे. ट्रकवर चढून जागोजागचा कोळसा काढायचा, फोडायचा, त्याचा ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन फेकायचे, अन् उरलेल्याचा परत ढीग. असं करत करत ट्रकाचा कोळसा एका पिशवीत येते. बाकीची लोकं दोन दफे करून कमरेवर हात ठेवून उभे राहतात. हा नियमाच्या सहाच्या सहा दफे करत होता, मे महिन्यातही. मी खिडकीतून ओरडली का लवकर आणा, तं वर न पाहता हात हलवून दे.

जुलैत एक खेप आली. खाणीकडचा रिपोर्ट चार हजार पासष्टचा होता. माझा आकडा निघाला तीन हजार नऊशे अडुसष्ट. चार हजाराच्या खाली गेलं का कोळशाचा दर्जा एक पायरी उतरते अन् भावही उतरते, म्हणून कोळसा पाठवणाऱ्यानं बोंब मारली का तुमच्याकडं नमुन्यात दगड घातला. आमचे क्वालिटीचे साहेब, नरेश साहेब, त्यांनी चौकशी बसवली. आता चूक असन तं दोनच ठिकाणी असन: नाही तं माझ्या मशीनमधी, नाही तं केवलरामच्या हातात.

प्रत्येक खेपेच्या नमुन्यातला अर्धा आमी पिशवीत भरून, लाखेची सील मारून, त्यावर नमुना घेणाऱ्याची सही घेऊन तीन महिने ठेवतो. भांडण झालं का सही करणाऱ्याच्या समोर सील तोडायची अन् परत तपासायचं, असा नियम आहे. साहेबांनी केवलरामले हिंदीत विचारलं का पिशवी फोडून दुसऱ्यांदा तपासू का, तुझा हक आहे. सारे त्याच्याकडं पाहून राहिले होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"ताईनं काढला आहे आकडा," तो म्हणाला. "ताईचा आकडा खोटा नसते. दुबारा कायले करायचा?"

मी काय केलं सांगू? मी मान डोलावली. वरून म्हटलं, माझ्या लॅबमधी चूक होत नाही. मंग राहिलं काय? आकडा खरा, म्हणजे हात खोटा. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं त्याचा गेटपास काढून घेतला. चौदा वर्षं राबलेला माणूस जेवणाचा डबा हातात धरून गेटबाहेर गेला, अन् मले वाईट वाटलं ते एवढंच का बिचारा म्हातारपणी बेइमान निघाला.

सतरा सप्टेंबरले विश्वकर्मा पूजा असते. त्या दिवशी भिलाईत कोणी पाना-पेचकसले कामासाठी हात लावत नाही. आमीही लॅब धुवून काढतो, मशीनले हळद-कुंकू लावतो, भय्याजी पंडित येऊन सगळ्यांच्या मनगटावर लाल-पिवळी मौली, म्हणजे पूजेचा दोरा, बांधतात. बॉम्बच्या गळ्यातही एक वेढा. मंग आमच्या लॅबची आपली एक रीत: पूजेनंतरचा पहिला फायर, म्हणजे बॉम्बमधली पहिली जाळणी, पांढऱ्या सुतानं नाही, त्याच मौलीच्या तुकड्यानं करायचा. ही रीत नत्थूजींनी सुरू केली. त्यांच्या मागं मी चालवली.

यंदा नत्थूजींना मी मुद्दाम बोलावलं होतं. गुडघे गेलेले, तरी आले. पूजा झाली, प्रसाद झाला, लोकं खिचडी-भाजीच्या पंगतीकडं निघाले. मी हात जोडले, मौलीचा तुकडा कापला, तारेले बांधला, वाटीत बेन्झोइकची गोळी ठेवली. नत्थूजी मागं स्टुलावर बसले होते.

"हे काय करून राहिली तू, पोरी?"

मी सांगतलं का पहिला फायर, तुमच्याच रीतीनं. त्यांनी गोळीकडं बोट केलं. मी सांगतलं का मशीनचा वर्षाचा आकडाही आजच काढतो, शुभ दिवस आहे. मागच्या साली बाटलीत एकच गोळी उरली होती, स्टोअरमधून नवी बाटली यायले तीन हप्ते होते, म्हणून देवाच्या फायरमधीच गोळी जाळली. सांगताना मले त्यात माझी हुशारीच दिसून राहिली होती.

नत्थूजी स्टुलावरून पुढं वाकले. मंग म्हणाले, "मी तं त्या फायरमधी चिमूटभर कोळसा टाकत होतो. अन् थर्मामीटरकडं पाहत बी नव्हतो. तो देवाचा फायर, त्याचं रीडिंग फेकून द्यायचं. मौली किती जाड असते, अंदाज आहे का तुले?"

मले आठवलं. दरसाली बटन दाबलं का नत्थूजी थर्मामीटरकडं पाठ करून, डोळे मिटून उभे राहत. मले वाटे प्रार्थना करून राहिले. प्रार्थना तं करतच होते, पण रीडिंगही पाहत नव्हते. अर्धी रीत मी डोळ्यानं शिकली, अन् उरलेली अर्धी त्यांनी कधी सांगतली नाही, कारण हे सांगावं लागन असं त्यांच्या मनातच आलं नाही.

मी वाटीतून गोळी काढली. मौलीचा तुकडा काट्यावर ठेवला. चाळीस मिलिग्राम. पांढरं सूत पाच मिलिग्रामचं असते. मी पेन घेतला, पण हिशोब पेनाच्या अगोदरच डोक्यात झाला होता. मौलीतून एकशे सदुसष्ट कॅलरी निघतात अन् मी धरल्या एकवीस. उरलेल्या जवळपास दीडशे कॅलरी पाण्यात गेल्या, पाणी जास्त तापलं, अन् मी समजली का हे सारं गोळीनं केलं. म्हणजे मशीन थोड्याशा गरमीत तापते असा अर्थ निघाला. आकडा कमी आला. मागच्या सप्टेंबरपासून मी प्रत्येक कोळशाले त्या कमी आकड्यानं गुणून राहिली होती. बाकीच्या खेपांचा दर्जा त्यानं पायरी उतरला नाही, म्हणून कोणी बोंब मारली नाही.

तुमी म्हणाल, आकडा एवढा बदलला तं तुले दिसलं नाही का बाई. दिसलं. नत्थूजींच्या काळापासून चोवीसशे वीस येत होता, मागच्या साली तेवीसशे सहासष्ट आला. पण त्याच महिन्यात बादली बदलली होती, नवी बादली हलकी, तं मी म्हटलं बादलीमुळं आला असन. पाच गोळ्या जाळून सरासरी काढायची असते. नवी बाटली आली तेव्हा मी म्हटलं, कायले, आकडा तं आहेच. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तं मी त्याले लॅबमधून हाकललं असतं.

पंगतीत जेवायले मी गेली नाही. नत्थूजी बसून राहिले अन् मी पांढऱ्या सुतानं पाच गोळ्या जाळल्या. चोवीसशे अठरा, एकवीस, वीस, एकोणीस, बावीस. बादलीनं काही केलं नव्हतं. जुलैचं रजिस्टर काढलं. केवलरामच्या खेपेचं पाणी एक पूर्णांक एकोणसत्तर डिग्री तापलं होतं. खऱ्या आकड्यानं गुणलं, तारेची अन् सुताची गरमी वजा केली. चार हजार एकोणसाठ. खाणीच्या रिपोर्टात अन् त्याच्यात फक्त सहाचा फरक. त्या माणसाच्या हातात एक गोटाही नव्हता. मी टेबलावर डोकं टेकवून रडली, नत्थूजींच्या समोर, वयाच्या पन्नासाव्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नरेश साहेबांसमोर उभी राहिली अन् सारं सांगतलं. ते माणूस म्हणून वाईट नाही, पण त्यांना वर जबाब द्यावा लागते. त्यांनी दरवाजा लोटून घेतला अन् हळू आवाजात समजावलं का आजपासून बरोबर आकडा वापरा, मागचं कोण विचारून राहिलं, वर्षभराचे रिपोर्ट उकरले तं पहिले तुमचीच नोकरी जाईन. केवलरामचं काय, मी विचारलं. तो दुसरीकडं लागला असन, ते म्हणाले. मी चष्मा उतरवून त्यांच्याकडं पाहिलं. पण त्या दिवशी माझ्या पाहण्यात दम नव्हता, अन् ते दोघांनाही कळलं.

मंग मी सांगतलं का जुलैची पिशवी अजून कपाटात आहे, तीन महिने व्हायले पंधरा-सोळा दिवस बाकी आहेत, अन् मी ती फोडणार. नुसता कागदावर गुणाकार बदलला तं लोकं म्हणतीन रंभानं आपल्या गाववाल्याले वाचवायले केलं. पिशवीतला कोळसा कोणाचा गाववाला नाही. साहेब म्हणाले का सील तं त्याच्यासमोरच तोडावी लागन अन् तो आता कंपनीचा कोणी नाही, गेटच्या आत कसा येईन. मी म्हटलं, पाहुण्याचा पास करा. नाही केला तरी मी रजिस्टरमधी कालच्या तारखेखाली लिहून आली आहे का मशीनचा आकडा चुकीचा होता अन् तो कोणी काढला होता. त्या रजिस्टरच्या पानांना नंबर आहेत, एकही पान फाटत नाही. साहेब लय वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसले. मंग त्यांनी पास लिहिला.

त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, मी केवलरामभाऊच्या घरी गेली. भिलाई-3ले रेल्वेलाईनच्या अलीकडं त्याचं घर आहे. अंजनावहिनीनं दार उघडलं अन् मले पाहून बाजूले झाली, ये म्हणाली नाही. केवलराम खाटेवर बसला होता. तो दुसरीकडं कुठं लागला नव्हता. पोरगा गौरव आतल्या खोलीत होता, मोबाईल पाहून राहिला होता. तो बाहेर आला नाही. नंतर वहिनीनं सांगतलं का पोरगा बापाशी दोन महिन्यांपासून बोलत नाही, त्याच्या दोस्तांनी विचारलं होतं का तुझ्या बापानं कितीत नमुना विकला.

मी उभ्यानंच सांगतलं. गोळी, मौली, बादली, माझा आळस, माझा घमंड, सारं. काही लपवलं नाही. केवलराम ऐकत राहिला. मले वाटलं आता हा ओरडन, उठून मारायले येईन, अन् खरं सांगू तं, आला असता तं मले बरं वाटलं असतं.

"दोन महिने झाले, ताई," तो म्हणाला, "मी रोज तो ढीग मनात करून पाहतो. पहिला ढीग, चार भाग. दुसरा ढीग, चार भाग. कोणत्या फावड्यात गोटा आला असन ते शोधून राहिलो. नाही सापडला. मंग मी समजून घेतलं का आलाच असन. तुमचा आकडा होता ना."

मी माफी मागितली, तीही धड शब्दात आली नाही. नोकरी गेली ते एक, गावात तोंड काळं झालं ते दुसरं, पण माझ्या आकड्यापायी या माणसानं आपल्याच हाताले बेइमान ठरवलं होतं. अंजनावहिनी चुलीकडून म्हणाली का मी पहिल्या दिवसापासून याले म्हणून राहिली पिशवी फोडायले लावा, पण रंभाताईच्या विरोधात एक शब्द यानं घरात बोलू देल्ला नाही. बोलताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मी पास खाटेवर ठेवला. उद्या दहा वाजता या, म्हटलं. तो येईन का नाही, मले भरोसा नव्हता.

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून, पाहुण्याचा बिल्ला लावून, चौदा वर्षं ज्या गेटमधून आला त्याच गेटमधून सही करून. लॅबमधी आला तं टेबलापाशी न येता दारातच थांबला, जसं नवीन ठिकाणी थांबतात तसा. मी स्टूल देल्लं. नरेश साहेब भिंतीपाशी उभे राहिले. मी कपाटातून पिशवी काढून त्याच्या हातात देल्ली. त्यानं सील उजेडात धरून पाहिली, आपली सही पाहिली, लाखेवरून अंगठा फिरवला, अन् मान हलवली.

सील तोडली. भुकटी तोलली, एक ग्रॅम. पांढरं सूत बांधलं. ऑक्सिजन भरला, बॉम्ब पाण्यात सोडला, बटन दाबलं. पाणी चढलं, थांबलं. मी कागदावर मोठ्या अक्षरात गुणाकार केला, वजाबाकी केली, अन् कागद त्याच्यापुढं सरकवला. चार हजार पंचावन्न.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मले वाटलं आता त्याचा चेहरा फुलन. तो कागद पाहत होता. त्यानं वर पाहिलं.

"दुबारा करा," तो म्हणाला.

एकवीस वर्षांत मले कोणी हे म्हटलं नव्हतं, अन् या माणसानं तं कधीच नाही. मी बॉम्ब धुतला, पुसला, परत भरला. दुसऱ्या दफे चार हजार त्रेसष्ट. नरेश साहेब भिंतीपासून हलले. म्हणाले का ठेकेदाराले सांगतो, सोमवारपासून याची हाजरी चालू, अन् रंभाबाई म्हणत होत्या तो गौरव का कोण पोरगा, त्याले दाखवायले हवी तं नमुना साफ होता अशी चिठ्ठीही लिहून देतो. असं म्हणून ते निघून गेले. केवलरामनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही.

दोन आकडे झाले होते. दोन्ही एकमेकांच्या जवळ. नियमानं यापुढं गरज नसते. मी तरी विचारलं, तिसऱ्यांदा करू का. मनात होतं का तो म्हणन, राहू द्या ताई, तुमच्यावर भरोसा आहे. ते ऐकायची मले लय भूक लागली होती.

त्यानं खिशातून चष्मा काढला. स्टूल उचलून थर्मामीटरपाशी नेलं अन् तिथं बसला.

"करा," तो म्हणाला. "या बारीले मी वाचतो."

मी पांढऱ्या सुताचा तुकडा कापला, काट्यावर ठेवला, अन् वजन त्यालेच वाचायले सांगतलं.